ठिणगीचं दुकान आणि बगळ्याची फुकट वही

एका जंगलात रेंज होती.

सगळीकडे नव्हती. ओढ्याच्या अलीकडे दोन काड्या यायच्या, टेकडीवर चार. पण होती. आता मुलांनो, जंगलात फोन कुठून आले असं विचारू नका. सिंहाच्या डोक्यावर मुकुट कुठून आला, हे तुम्ही आजवर कधी विचारलंत? मग मांडी घाला आणि ऐका.

त्या जंगलात चारोळीच्या एका म्हाताऱ्या झाडावर, ढोलीत, ठिणगी नावाची एक तरुण खार राहायची. ती टेकडीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती. त्यामुळे तिला काही कळत नाही, असं घरात सगळ्यांचं मत होतं.

घरात म्हणजे कोण? तर तिचे बापूकाका आणि अक्काआत्या. बापूकाका त्या झाडावरचे सगळ्यात ज्येष्ठ. त्यांना कोणीही काहीही विचारत नसे, तरी ते उत्तर देत. अक्काआत्या त्या उत्तराला मान हलवत.

ठिणगीचं एक छोटं दुकान होतं. फोनवरचं; ढोलीच्या दारावर फक्त तिच्या नावाची पाटी होती. ती दातांनी चारोळ्या फोडायची, पळसाच्या पानात बांधायची आणि पुड्यांचे फोटो टाकायची. लांबलांबच्या जंगलांतून मागणी यायची. कोणाला खिरीत घालायला हवी, कोणाला बासुंदीत. माल पोचवायला कावळे होते. दहा पुड्यांतली एक ते वाटेत खायचे आणि 'हाताळणीत नुकसान' असं कळवायचे.

पहिल्या वर्षी अकरा पुड्या गेल्या. दुसऱ्या वर्षी तीनशे चाळीस.

मग घोळ सुरू झाला. ठिणगी प्रत्येक विक्री एका पानावर खरडायची आणि पान बाभळीच्या काट्याला टोचायची. वारा आला की हिशोब उडायचा. एकदा एका हरणाला तोच माल तीनदा गेला. हरणाने तिन्ही वेळा पाच चांदण्या दिल्या. पैसे एकदाच दिले.

त्यात सिंहाचं फर्मान निघालं. फोनवरून विकणाऱ्या प्रत्येकाने कार्तिकी पौर्णिमेला वर्षाचा हिशोब दाखवावा. नाही दाखवला तर दुकानाला टाळं. तपासनीस म्हणून साळिंदराची नेमणूक झाली. त्याच्या अंगावर चारशे लेखण्या होत्या. त्यातली एकही लिहायची नाही. टोचायच्या मात्र सगळ्या.

ठिणगीने ठरवलं, आता हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं. फुकटातलं, कारण धंदा लहान. एका दुपारी बसून तिने चारपाच वापरून पाहिली. एक पाच गिऱ्हाइकांपुरतंच फुकट होतं. एकात दर दोन ओळींनंतर शिंगांच्या पॉलिशची जाहिरात यायची. एकात परत आलेला माल लिहायला जागाच नव्हती, जणू जगात कोणी काही परत करतच नाही. शेवटी तिला मुंग्यांनी बनवलेलं सापडलं. साधं होतं. शिकायला दोन दिवस लागणार होते. पण त्यात माल, परतावा, कावळ्यांचं भाडं, सगळ्याला रकाने होते.

संध्याकाळी ती घरी म्हणाली, "मी मुंग्यांचं सॉफ्टवेअर पसंत केलंय."

बापूकाकांच्या हातातलं बोर खाली पडलं.

"पसंत केलंस? तू? एकटीने?"

"दुकान माझं आहे, काका."

"आणि ढोली कोणाची आहे?"

त्या घरात प्रत्येक बोलणं याच प्रश्नापाशी संपायचं.

"आपल्या घराण्यात," बापूकाका म्हणाले, "बाहेरची वस्तू अशी थेट आत येत नाही. आधी बघण्याचा कार्यक्रम होतो. चार मोठी माणसं बसतात, चौकशी करतात, मग होकार जातो. माझ्या शेपटीचा कंगवासुद्धा असाच आला."

"पण काका, तुम्हाला हिशोबातलं काय कळतं? तुम्ही आयुष्यात कधी काही लिहून ठेवलंय?"

"खारी लिहून ठेवत नाहीत!" बापूकाका ताठ झाले. "माझ्या वडिलांनी लिहिलं नाही, आजोबांनी लिहिलं नाही. बी मिळालं की जमिनीत पुरायचं आणि डोक्यात ठेवायचं. उगाच नाहीत पाठीवर तीन पट्टे."

अक्काआत्यांनी मान हलवली.

ठिणगीने खूप आदळआपट केली. पण दुकानाची नोंद बापूकाकांच्या नावावर होती. दरबारच्या अर्जात 'दुकान कोण चालवतं' असा रकानाच नव्हता. 'घरातील ज्येष्ठ' असा होता. त्यामुळे काहीही घ्यायचं तर पंजा त्यांचाच लागायचा.

ठरल्या दिवशी फांदी झाडून घेतली. पानावर करवंदं ठेवली. आधी मुंगी आली. डोक्यावर साखरेचा कण होता. तो तिने खाली ठेवला नाही.

बापूकाकांनी घसा साफ केला. "नाव काय?"

"मुंगी."

"ते दिसतंय. सॉफ्टवेअरचं नाव?"

"वही."

"नुसतं वही?"

"त्यात हिशोब लिहायचा असतो," मुंगी म्हणाली.

अक्काआत्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "रंग अगदीच काळा-पांढरा आहे गं."

"मालक कोण?" बापूकाकांनी विचारलं.

"कोणी नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. आम्हालाच लागत होतं."

"मालक नाही! म्हणजे बाप नाही." बापूकाकांनी अक्काआत्यांकडे पाहिलं. अक्काआत्यांनी डोळे मिटून घेतले. "बरं, मग फुकट का देता? काहीतरी व्यंग असणार."

"आमचं करून झालंय. अजून कोणी वापरलं म्हणून ते झिजत नाही. आणि तुमचा हिशोब तुमच्याच फोनमध्ये राहतो. हवा तेव्हा बाहेर काढा, हवं तिकडे घेऊन जा."

"अगं बाई!" अक्काआत्यांनी तोंडावर पंजा ठेवला. "अजून घरात पाऊल नाही आणि आतापासून सोडून जायची भाषा!"

मुंगीला कळेना आपण काय चुकीचं बोललो. ती म्हणाली, "मला निघायला हवं, रांग खोळंबली आहे," आणि गेली. करवंदाला तिने तोंडही लावलं नाही. तेही तिच्या विरोधात धरलं गेलं.

मग दुसरं स्थळ आलं: बगळा, स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊन.

पांढराशुभ्र. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. त्याने आल्या आल्या बापूकाकांच्या खांद्यावर शाल घातली आणि अक्काआत्यांना कमळ दिलं. मग एका पायावर उभा राहून त्याने डोळे मिटले.

"आपले आजोबा आणि आमचे आजोबा एकाच झाडावर बसायचे," तो म्हणाला.

"बघ!" बापूकाका ठिणगीला म्हणाले. "याला म्हणतात घराणं."

बगळ्याने फोन उघडला. सॉफ्टवेअर देखणं होतं. पडद्यावर तळं, तळ्यात कमळं. एक नोंद केली की एक बेडूक वर येऊन टाळ्या वाजवायचा. अक्काआत्यांनी पाच वेळा टाळ्या वाजवून घेतल्या.

"किंमत?" बापूकाकांनी विचारलं.

"आयुष्यभर फुकट."

ठिणगी पुढे झाली. "यातून हिशोब बाहेर काढता येतो का?"

बगळ्याने डोळे उघडले नाहीत. "बाळ, बाहेर कशाला काढायचा? घरचा हिशोब घरातच शोभतो."

बापूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "संस्कार," ते पुटपुटले.

"आणि फुकट देऊन तुम्हाला काय मिळतं?"

"समाधान."

"काका, मुंगीला तुम्ही खोदून खोदून विचारलंत फुकट का देता म्हणून. यांना विचारा ना!"

"ठिणगे!" बापूकाका कडाडले. "पाहुण्यांना असं विचारतात? शाल दिली त्यांनी मला."

करार सेहेचाळीस पानांचा होता. बापूकाकांनी तो शेपटीने सरसर वर सरकवला आणि "वाचला" असं जाहीर केलं. ठिणगी म्हणाली, "मला वाचू द्या." अक्काआत्या म्हणाल्या, "मोठ्यांनी वाचलाय ना? मग पुन्हा वाचणं म्हणजे अविश्वास." बापूकाकांनी पंजा उमटवला. बेडकाने टाळ्या वाजवल्या.

आता मुलांनो, खोटं कशाला बोलू? सॉफ्टवेअर चांगलं चाललं. ठिणगी रोज नोंदी करायची. किती पुड्या गेल्या, किती परत आल्या, कावळ्यांनी किती खाल्ल्या. बेडूक रोज टाळ्या वाजवायचा. बापूकाका झाडाझाडावर जाऊन सांगायचे, "आमच्या ठिणगीसाठी मी एक फार चांगलं बघून दिलंय."

एक दिवस ठिणगी कावळ्यांकडे माल द्यायला गेली होती. तेव्हा अक्काआत्यांनी बाभळीच्या काट्याला टोचलेली सगळी पानं काढली, चावून चावून मऊ केली आणि ढोलीत अंथरली. "आता सॉफ्टवेअर आहे ना," त्या म्हणाल्या. "मग हा पसारा कशाला? पाठीला किती बरं वाटतंय बघ."

दिवाळी आली. सगळं जंगल बासुंदी करत होतं. ठिणगीचा होता नव्हता तेवढा माल गेला. ढोलीत जेमतेम एक शेर चारोळी उरली. आलेल्या पैशांतून तिने पुढच्या वर्षीसाठी थोडं बी आणि पळसाची पानं घेतली. तिला वाटलं, जमलं. आपलं दुकान जमलं.

पौर्णिमा तीन दिवसांवर असताना तिने पडद्यावरचं 'हिशोबाचा उतारा' हे बटण दाबलं.

बेडूक वर आला. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या हातात पाटी होती.

'लिहिणं आयुष्यभर फुकट. वाचण्यासाठी बारा शेर चारोळी.'

ठिणगी धावत तळ्यावर गेली. बगळा एका पायावर उभा होता.

"हे काय आहे?"

"पान एकतीस," बगळा म्हणाला. "काकांनी वाचलंय."

"माझा हिशोब मलाच वाचायचा आहे आणि त्याचे बारा शेर? माझ्याकडे एक शेर आहे!"

"बाळ, पण हिशोब फार सुंदर ठेवतेस हं तू. ते हरीण दर एकादशीला पाव शेर घेतं ना? मी रोज वाचतो. आम्ही तळ्यावरचे सगळेच वाचतो."

ठिणगी तिथून मुंग्यांकडे गेली. मुंगी म्हणाली, "पानं आण तुझी. आम्ही हजारजणी आहोत. एका दिवसात सगळं भरून देतो."

ठिणगी घरी आली आणि अक्काआत्यांच्या अंथरुणाकडे पाहत उभी राहिली. अक्काआत्या त्यावर पहुडल्या होत्या. काट्यावरच्या सगळ्या पानांचा अगदी मऊ, एकसारखा भुगा झाला होता.

"मी आधीच म्हटलं होतं," बापूकाका म्हणाले, "या फोनच्या भानगडीत पडू नकोस."

"तुम्ही म्हटलं होतं? तुम्ही?"

"आवाज खाली. उपाय आहे माझ्याकडे." बापूकाका मंद हसले. "बारा शेरच ना? माझ्याकडे चाळीस शेर आहेत. अशाच प्रसंगासाठी पुरून ठेवलेत. याला म्हणतात जुनी पद्धत."

ठिणगीला पहिल्यांदाच काकांचे पाय धरावेसे वाटले. "कुठे पुरलेत, काका?"

"जमिनीत."

"जमिनीत कुठे?"

बापूकाकांनी खाली पाहिलं. जमीन पुष्कळ होती.

दोन दिवस ते दोघं उकरत होते. सकाळी सुरू करायचे, ऊन उतरेपर्यंत उकरायचे. अक्काआत्या वरून दिशा दाखवायच्या, दर वेळी वेगळी.

"इथेच होतं," बापूकाका म्हणायचे. "इथे एक दगड होता."

"कसला दगड?"

"त्याच्यावर ऊन पडायचं."

"काका, ऊन सगळ्याच दगडांवर पडतं!"

"तसं नाही. वेगळं पडायचं."

ठिणगीने सगळं गवत उपटलं. गवताखाली बी नव्हतं. पण एक रोप होतं. पुढे अजून एक. मग अजून. ओढ्यापासून टेकडीपर्यंत चारोळीची रोपंच रोपं होती. काही गुडघ्याएवढी, काही कमरेएवढी. बापूकाकांनी गेल्या काही वर्षांत जे जे पुरलं होतं, ते ते उगवलं होतं. एकही बी त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"म्हणजे हे तुमचे चाळीस शेर," ठिणगी म्हणाली.

"वाढलेत की," बापूकाका म्हणाले.

पौर्णिमेच्या सकाळी साळिंदर आला.

"हिशोब?"

"आहे," ठिणगी म्हणाली. "एकूण एक नोंद आहे. फक्त मला ती वाचता येत नाही. तुम्ही बगळ्याला बोलवा, त्याला पाठ आहे."

"न वाचता येणारा हिशोब म्हणजे हिशोब नाही," साळिंदर म्हणाला. त्याने पाठीवरचा एक काटा काढला आणि ढोलीच्या दारावरच्या दुकानाच्या पाटीवर आडवा ठोकला. दुकान बंद झालं. तीन वर्षांचं काम, आणि एका काट्यात.

ठिणगी रडली नाही. ती काट्याकडे बघत उभी राहिली. तो नेमका पाटीवरच्या तिच्या नावातून आरपार गेला होता.

परत फिरताना साळिंदराची नजर उपटलेल्या गवताकडे गेली. तो थांबला.

"ही रोपं कोणी लावली?"

बापूकाकांनी शाल सारखी केली. "मी."

"सगळी?"

"मोजली नाहीत कधी. आम्ही हिशोब ठेवत नाही."

साळिंदराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, असा निरपेक्ष प्राणी त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

आठ दिवसांनी दरबारात बापूकाकांना 'वृक्षमित्र' किताब मिळाला. आणखी एक शाल मिळाली. नारळ मिळाला. बगळ्याने मानपत्र वाचून दाखवलं, तेही फुकट. बापूकाकांनी भाषणात सांगितलं, "आजच्या पिढीला सगळं लिहून ठेवायचं असतं. आम्ही देत गेलो आणि विसरत गेलो." टाळ्या थांबेनात. अक्काआत्या पहिल्या रांगेत मान हलवत होत्या.

ठिणगी त्या टाळ्यांमध्ये उठली आणि घरी गेली. आपला फोन, एक शेर चारोळी, बी आणि पळसाची पानं तिने उचलली. मग ती जंगलाच्या दुसऱ्या टोकाला एका मोहाच्या झाडावर राहायला गेली. त्याच्या बुंध्याशी मुंग्यांची वसाहत होती.

दरबारात ती नवी नोंद करायला गेली. अर्जात 'घरातील ज्येष्ठ' हा रकाना होताच. तिने स्वतःचं नाव लिहिलं. नव्या घरात ती एकटीच होती, त्यामुळे ज्येष्ठही तीच होती. कारकून कासवाने बराच विचार केला आणि शिक्का मारला.

पहिल्याच दिवशी तिने मुंग्यांची वही घेतली. शिकायला दोन दिवस लागले. दोनच. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पुढच्या कार्तिकी पौर्णिमेला साळिंदर आला, तेव्हा तिने अर्ध्या तासात हिशोब दाखवला. साळिंदराने तो तीनदा तपासला, कारण बरोबर हिशोब पाहायची त्याला सवय नव्हती.

त्यानंतर चार दिवसांनी बापूकाका आले. खांद्यावर दोन्ही शाली होत्या.

"ऐकलं, धंदा बरा चाललाय."

"बसा, काका. पाणी घ्या."

बापूकाका बसले. पाणी प्यायले. ढोलीच्या छताकडे पाहून "ओल येत असेल" म्हणाले. मग जवळ सरकले.

"ते कावळे सोडून दे. तुझ्या पार्सलांसाठी मी एक फार चांगलं स्थळ आणलंय. घार. मोठं घराणं, उंच उडणारं. माल फुकट पोचवते म्हणते. फक्त घरात कोण कोण असतं आणि पिल्लं किती, एवढं विचारत होती. दाखवायला कधी आणू?"

ठिणगीने फोन काढला आणि वही उघडली.

"काय लिहितेस?"

"लिहीत नाही. दाखवतेय." तिने फोन त्यांच्यासमोर धरला. "पहिल्याच पानावर आहे. मुंगीला विचारून घातलंय, कुठल्या रकान्यात जातं ते."

बापूकाकांनी वाचलं. या वेळी खरंच वाचलं.

तिथे 'बुडीत खातं' असं शीर्षक होतं. खाली एकच नोंद होती.

'बापूकाकांचा फुकट सल्ला. एक दुकान.'

"मोठ्यांचा हिशोब मांडतेस?" बापूकाकांचा आवाज चिरकला.

"हो," ठिणगी म्हणाली. "आणि काका, तुम्हाला तो वाचायचे पैसे पडणार नाहीत."

बापूकाका उठले. जाताजाता त्यांनी पळसाच्या पानावरची थोडी चारोळी उचलली आणि वाटेत कुठेतरी पुरली. कुठे, ते त्यांनाही माहीत नाही.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी मोठ्यांचं ऐकावं. (हे तात्पर्य बापूकाकांनी निवडलं आहे. त्यांना ते फुकट मिळालं.)